खेड्यातले चलच्चित्र आणि जुनी यंत्रे

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे गाव रेणुकामातेच्या मंदिरामुळे साऱ्या पंचक्रोशीला परिचित आहे, आणि संत जनाबाईंच्या गंगाखेडचे सान्निध्य लाभल्यामुळे भाविकांनाही ते अनोळखी नाही. परंतु अशा गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा मंदिर, निजामी अंमल, मुक्तिसंग्राम आणि शेतसारा एवढ्या मुक्कामांवर थांबून लेखणी खाली ठेवतो. पडद्यावरचे हलते चित्र अशा गावांपर्यंत कोणत्या यंत्राने पोचविले, ते यंत्र बंद पडल्यावर कोणी व कोणत्या विद्येच्या बळावर पुन्हा चालते केले, हा विषय त्याला इतिहासाच्या योग्यतेचा वाटत नाही. मला तो वाटतो. कारण चलच्चित्राचे यंत्र मराठवाड्याच्या खेड्यात नवे असे क्वचितच आले. प्रक्षेपक आला तो शहरातल्या चित्रगृहाने टाकून दिलेला, व्हिडिओचे यंत्र आले ते दोन-तीन हातांखालून गेलेले, आणि संगणक आला तोही पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरीने मोडीत काढलेला. शहराने यंत्र वापरावे आणि खेड्याने ते सांभाळावे अशी ही विभागणी असल्यामुळे दुरुस्तीचा हुन्नर हाच चित्रपटाच्या इतिहासातला खेड्याचा खरा वाटा ठरतो, आणि त्या वाट्याची नोंद व्हावी एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

या हुन्नराची वंशावळ फार मागे जाते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे प्रयोग सुरू केले, तेव्हा काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्यापुढून सरकवून पौराणिक पात्रांना हालचाल देण्याची करामत त्यांनी स्वतःच सिद्ध केली होती. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र दिसले आणि यंत्राने हलणाऱ्या चित्राचे युग आपल्याकडे अवतरले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना कोल्हापूरची आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक मिळविला, त्याचे अंतरंग न्याहाळून ही विद्या हस्तगत केली, आणि आनंदराव १९१६ मध्ये अकाली निवर्तल्यावरही बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये निर्माण झाला. ज्या शाखेतून पुढे दामले-फत्तेलालांची प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तिचे बीज असे जुन्या बाजारातल्या एका यंत्रात होते, हे मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते.

मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. परभणी जिल्ह्याचा अव्वल तालुकदार उर्दूत हुकूम काढी, तहसिलीचे रोजनामे उर्दूत लिहिले जात, आणि मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले परभणी स्टेशन हे बाहेरच्या जगाचे द्वार होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण चित्रपटांच्या वितरणाचा व्यापार मात्र आपला जुना नकाशा सोडावयास राजी झाला नाही. त्या व्यापाराच्या परिभाषेत ‘निजाम’ नावाचा इलाखा पुढेही कायम राहिला आणि परभणी-नांदेडकडचा मुलूख त्यातच गणला गेला. राज्यकर्त्यांनी मिटविलेली सीमा चित्रपटांच्या पत्र्याच्या डब्यांनी इतकी वर्षे जपून ठेवावी, ही गोष्ट संस्थानी इतिहासाच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

या डब्यांतून येणारी प्रत मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला असे आपले आयुष्य वेचून शेवटी यात्रेतल्या तंबूपर्यंत पोचे. तंबूचा मालक कलेक्टर-कचेरीतून तात्पुरता परवाना मिळवी, ट्रकवर कनात, खांब, भोंगे, विजेचे जनित्र आणि प्रक्षेपक लादून यात्रेमागून यात्रा करी, आणि हा सारा डोलारा शेवटी एका माणसाच्या दोन हातांवर अवलंबून राही. तो मनुष्य म्हणजे ऑपरेटर.

ऑपरेटरची विद्या समजून घेतल्यावाचून पुढची कथा कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट, धावते. तीन तासांच्या चित्रपटाची फीत या हिशेबाने सुमारे पाच किलोमीटर भरते. परंतु भिंगासमोर तिने धावून चालत नाही. प्रत्येक चौकट क्षणमात्र स्थिर उभी राहिली पाहिजे, तिच्यातून प्रकाश गेला पाहिजे, आणि पाते आड येऊन अंधार झाला असतानाच पुढची चौकट तिच्या जागी आली पाहिजे. हे थांबणे आणि सरकणे चार खाचांच्या एका चक्राकडून, ज्याला माल्टीज क्रॉस म्हणतात त्याकडून, घडविले जाते. वरून फीत अखंड येते आणि मध्ये ती धक्क्याधक्क्याने सरकते, तेव्हा या दोन गतींमधला तंटा मिटविण्यासाठी भिंगासमोरच्या दाराच्या वर आणि खाली फितीचे सैलसर वळसे ठेवावे लागतात. वळसा आखडला की चित्र फडफडू लागते आणि फीत तुटण्याचा संभव उत्पन्न होतो. आवाजाची पट्टी तर त्याहून सूक्ष्म प्रकरण होय. फितीवर आवाज आपल्या चित्राच्या वीस चौकटी पुढे छापलेला असतो, कारण ध्वनीचा दिवा भिंगाच्या खाली काही अंतरावर बसविलेला असतो. खालचा वळसा थोडा मोठा राहिला की नायकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून ऐकू येतात.

म्हणून कसलेला ऑपरेटर तक्रार ऐकून यंत्राकडे धावत नसे. तो आधी पडद्याकडे पाही. चित्राचे अर्धे डोके वर आणि अर्धे खाली दिसत असेल, तर चौकट दारात नीट बसलेली नाही, तिचा दांडा फिरवावा. प्रकाश पिवळा पडत असेल, तर दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून त्यांतले अंतर वाढले आहे, त्या जवळ आणाव्यात. चित्र उत्तम असून आवाज घोगरा येत असेल, तर ध्वनीच्या भिंगावर तेल किंवा धूळ बसली आहे. पडद्यावर पावसासारख्या उभ्या रेघा पडत असतील, तर मात्र इलाज नाही. तो त्या प्रतीच्या प्रवासाचा इतिहास आहे. तुटलेल्या फितीचा सांधा करताना एका टोकावरचा लेप खरवडून दोन्ही टोके द्रावणाने चिकटवावी लागत, आणि प्रत्येक सांध्यात दोन-चार चौकटी कायमच्या जात. गावोगाव फिरलेल्या प्रतीत एखादे वाक्य मध्येच तुटे किंवा एखादे गाणे कडव्याच्या मध्यावरून सुरू होई, त्याचे कारण हे होते. मराठवाड्यातल्या कित्येकांनी पाहिलेले चित्रपट मुंबईकरांनी पाहिलेल्या चित्रपटांहून असे थोडे आखूडच होते. या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या पर्वावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान येथे दाखविला गेला आणि त्याला तेथे विशेष उल्लेखाचा मान मिळाला. प्रक्षेपक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला त्यात जे स्थान दिले आहे, ते आपल्या चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांनीही त्याला द्यावयास हवे होते.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेटचे यंत्र आले. या पर्वावर मी फार रेंगाळणार नाही. लग्न, बारसे, गणपती, असे निमित्त साधून तालुक्याच्या गावाहून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणावा, अंगणात मांडून रात्रभर दोन-तीन चित्रपट पाहावेत, हा प्रघात दशकभर टिकला. व्हीएचएसच्या यंत्रात मिनिटाला १५०० फेरे घेणारे एक अ‍ॅल्युमिनियमचे पिंप असते आणि त्याच्या कडेवरची दोन सूक्ष्म शीर्षे फितीवर तिरप्या रेषेत चित्र वाचीत जातात. त्या शीर्षांच्या फटीत ग्रामीण रस्त्यावरची धूळ किंवा जुन्या कॅसेटचा सुटलेला लेप भरला की पडद्यावर मुंग्या येत. मग झाकण उघडून स्पिरिटमध्ये भिजविलेले तलम चामडे पिंपाला टेकवावे आणि पिंप हाताने सावकाश फिरवावे. कापूस वापरू नये, कारण त्याचा तंतू शीर्षात अडकून ते कायमचे निकामी होते, हा या धंद्यातला पहिला धडा असे. ऑपरेटरच्या विद्येचा बराचसा भाग येथे उपयोगी पडला. रोग अजून देहाचाच होता: मळ, झीज, सैल पट्टा, तुटकी फीत. डोळ्यांना दिसणारा आणि बोटांना जाणवणारा असा तो दोष होता.

संगणकाने हे सारे बदलले, आणि माझ्या विवेचनाचे खरे प्रयोजन येथून पुढे आहे.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांतून, मोठ्या गावांतूनही, भरू लागले. वर्ग चालविणाऱ्यांनी नवे संगणक घेतले की जुने स्थानिक बाजारात येत. शहरातल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले यंत्रही कोणा नातेवाइकाच्या मध्यस्थीने गावी पोचे. घरी आलेल्या संगणकाकडून पहिली अपेक्षा हिशेबाची किंवा टंकलेखनाची क्वचितच असे. लग्नाची सीडी त्यावर लागते काय, हाच पहिला प्रश्न असे, आणि तो अगदी स्वाभाविक होता. कारण याच सुमारास फोटो स्टुडिओवाल्यांनी कॅसेटऐवजी व्हीसीडी द्यावयास प्रारंभ केला होता, आणि घराच्या मालकीचे पहिले चलच्चित्र त्या चकतीवर होते.

व्हीसीडीचे मानक १९९३ चे. तिच्यावरील चित्र ३५२ बिंदू रुंद आणि २८८ बिंदू उंच, म्हणजे दूरचित्रवाणीच्या चित्राच्या सुमारे चतुर्थांश असते, आणि एका चकतीत सुमारे सव्वा तास मावतो. संगणकाची माहिती साठविताना सीडीवर चुका सुधारण्यासाठी जो जादा मजकूर राखून ठेवतात, तो व्हीसीडीने चित्रासाठी मोकळा करून घेतला. जागा वाढली, पण संरक्षण घटले. म्हणून लग्नाची चकती हाताळून घासली गेली की चित्राचे चौकोन फुटत, आवाज अडखळे, आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरानवरी पडद्यावर गोठून उभी राहत. या एका दोषाने मराठवाड्यातल्या किती घरांत हळहळ निर्माण केली असेल, याची कल्पना ज्याने ते पाहिले आहे त्यालाच येईल.

राणीसावरगावातल्या परिचयाच्या एका घरी असा प्रसंग मी जवळून पाहिला. विंडोज एक्स्पीवर चालणारा संगणक, त्याचा भला मोठा काचेचा मॉनिटर, त्यावर क्रोशाचे आच्छादन, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या दोन चकत्या. थोरल्या मुलीच्या लग्नाचे चित्र तुटक तुटक दिसे. दोन क्षण हले, मग थांबे, आवाज चरख्यासारखा घरघरे. चकती घासली आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने झाकण उघडले नाही, चकतीही पुसली नाही. त्याने विचारले, “काका, दुसऱ्या सीड्या तरी नीट चालायल्यात का?” काका म्हणाले, “कुठल्या? अगुदर समद्या चालायच्या. आता गाण्याची बी अटकायलीय.” तरुणाने गाण्याची चकती घातली, ती नवी कोरी असूनही अडखळली. तेव्हा त्याने चकतीतली फाइल प्रथम हार्ड डिस्कवर उतरवून घेतली आणि तेथून चालवून पाहिली. लग्न सुरळीत चालू लागले. एका कृतीत त्याने चकती, प्रोसेसर, चित्राचे कार्ड आणि आवाज या चौघांना निर्दोष ठरविले होते, आणि संशय फक्त चकती वाचणाऱ्या मार्गावर येऊन थांबला होता.

पुढचा उलगडा मला विशेष शिकविणारा ठरला. एक्स्पीमध्ये असा नियम आहे की सीडी किंवा डिस्क वाचताना एकूण सहा चुका आढळल्या की प्रणाली त्या मार्गाचा वेग पायरीपायरीने उतरविते आणि शेवटी ‘पीआयओ’ नावाच्या जुन्या, संथ पद्धतीवर आणून ठेवते. त्या पद्धतीत प्रत्येक अक्षर प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावे लागते, त्यामुळे चित्र उलगडावयास त्याच्याकडे बळच उरत नाही. एखाद्या घासलेल्या चकतीने कधीकाळी केलेल्या सहा चुका यंत्राने अशा मनात धरल्या होत्या आणि त्यांची शिक्षा तेव्हापासून प्रत्येक निर्दोष चकतीला मिळत होती. तरुणाने डिव्हाइस मॅनेजरमधली त्या चॅनलची नोंद काढून टाकली आणि संगणक पुन्हा चालू केला; नोंद आपोआप नव्याने झाली, वेग पूर्ववत झाला, आणि दोन्ही चकत्या सरळ चालल्या. खरोखरीचा ओरखडा होता तेथे मात्र चित्र क्षणभर फुटले. ते फुटणारच होते.

हा दोष प्रक्षेपकाच्या ऑपरेटरला कधी भेटला नसता. पण तरुणाची पद्धत मात्र सर्वस्वी त्याचीच होती. आधी पडद्याकडे पाहावे, मग चित्राचा मार्ग उगमापासून डोळ्यापर्यंत मनात उभा करावा, आणि तो मधोमध तोडून दोष कोणत्या बाजूला राहतो ते ठरवावे. अशा गावांतल्या दुरुस्तीवाल्यांनी ही रीत कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नाही. ती धंद्यातून धंद्यात, उस्तादाकडून चेल्याकडे, रेडिओवाल्याकडून टीव्हीवाल्याकडे आणि त्याच्याकडून संगणकवाल्याकडे उतरत आली आहे.

दुरुस्तीवाल्यांच्या बोलीत या पर्वातले दोष चार-दोन वाक्यांत ओळखले जात. “आवाज यायलाय, पण चित्र दिसना गेलंय,” अशी तक्रार आली की कोडेक नाही हे निश्चित. चित्राची फाइल म्हणजे गच्च दाबून बांधलेला मजकूर, आणि तो ज्या रीतीने बांधला त्याच रीतीने सोडणारा आज्ञासंच म्हणजे कोडेक. फाइलीचे बाहेरचे नाव एव्हीआय असले, तरी आत डिव्हएक्स आहे की एक्सव्हिड हे नावावरून कळत नाही. १९९९ च्या सुमारास डिव्हएक्सने अख्खा चित्रपट एका सीडीत बसविला आणि तेव्हापासून या गोंधळाला ऊत आला. लोक सापडेल तो कोडेकांचा गठ्ठा संगणकात भरीत, ते गठ्ठे परस्परांवर कुरघोडी करीत, आणि काल चालत असलेले चित्रही आज बंद पडे. या गोंधळातून सुटका केली ती व्हीएलसीने. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेला आणि २००१ मध्ये सर्वांसाठी मुक्त केलेला हा प्लेयर आपले कोडेक स्वतःबरोबर घेऊन येतो, बाहेरच्या कोणाचे मिंधेपण पत्करीत नाही. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे ते चिन्ह परभणी जिल्ह्यातल्या दुरुस्तीवाल्यांच्या पेनड्राइव्हवर हमखास सापडे. ज्या विद्यार्थ्यांनी ते घडविले, त्यांचे ऋण या खेड्यांवर आहे असे मी गांभीर्याने मानतो.

शाळांतला दोष निराळा. संगणकावर चित्र उत्तम दिसते, परंतु भिंतीवरच्या प्रोजेक्टरमध्ये सारा पडदा दिसून चित्राच्या जागी तेवढा काळा चौकोन राहतो, असे कित्येक शिक्षकांनी अनुभविले आहे. प्रोजेक्टर बिघडला या समजुतीने तो तालुक्याला नेला जाई. वस्तुतः जुन्या ग्राफिक्स कार्डांत चित्र थेट पडद्यावर चढविणारा ‘ओव्हरले’ नावाचा एकच मार्ग असे, आणि तो एका वेळी एकाच पडद्याला मिळे. प्लेयरच्या सेटिंगमध्ये तो बंद केला, किंवा प्रोजेक्टरला मुख्य पडदा ठरविले, की भिंतीवर चित्र उमटे. एक खूण पुसण्याएवढ्या या कामासाठी वर्गातला तास वाया गेलेला पाहून वाईट वाटे.

देहाचे रोगही संपले नव्हते, हे सांगितले पाहिजे. भारनियमनाच्या वर्षांत वीज जाई-येई, तिचा दाब चढे-उतरे, आणि त्याच काळात तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर निकृष्ट द्रवामुळे फुगून फुटत. उन्हाळ्यात पंख्यावर मातीचा थर बसला आणि प्रोसेसरवरचा लेप वाळला की संगणक स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करी. सकाळी चालणारे चित्र दुपारी अडे. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासावेत, हा उपाय तर गावातल्या पोरासोरांना ठाऊक होता. सर्वांत फसवा दोष तीन व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा. ती मेली की वीज गेल्याबरोबर संगणक आपली तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू होताना काही वर्षे मागे जातो. मग इंटरनेटवरच्या सुरक्षित संकेतस्थळाला दिलेली सनद, म्हणजे सुरक्षापत्र, आजच्या तारखेची म्हणून नाकारली जाते आणि एकही व्हिडिओ उघडत नाही. दोष चित्राचा नाही, नेटचाही नाही, दिनांकाचा आहे.

येथे मला ती गोष्ट सांगावयाची आहे जी या साऱ्या इतिहासात खरोखर नवी आहे. ३५ मिलिमीटरची फीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरली आणि शंभर वर्षे टिकली; फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची चौकट आणि १९९० च्या चित्रपटाची चौकट एकाच दात्यांवर बसे. म्हणून चाळीस वर्षांचा प्रक्षेपक नवे चित्र निःशंक दाखवी. त्याचे पोलाद झिजेपर्यंत त्याला कोणी निवृत्त करू शकत नसे. संगणकाच्या चित्राची बांधणी मात्र दर दशकात बदलत गेली: १९९३ चे एमपेग-१, २००३ चे एच-२६४, २०१३ चे व्हीपी-९ आणि एचईव्हीसी, २०१८ चे एव्ही-१. प्रत्येक नवी बांधणी चित्र अधिक आवळते आणि म्हणून ते सोडविण्यास अधिक बळ मागते. २००४ च्या संगणकाने व्हीसीडी दाखविताना घाम गाळलेला नसतो, आणि तोच संगणक आजच्या मोठ्या चित्रापुढे सेकंदाला चार-पाच चौकटींवर येऊन दमतो, तेव्हा त्याच्या अंगात कोणताही बिघाड झालेला नसतो. चित्र पुढे निघून गेलेले असते.

त्यातच प्रणालींचे करार संपत गेले. विंडोज एक्स्पीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, क्रोमने २०१६ मध्ये तिला सोडले, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले, आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मूळ सुरक्षापत्राची मुदत सरताच अनेक जुन्या यंत्रांना कित्येक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. इनाम खालसा व्हावे आणि कुळाला खबरही नसावी, तशी या यंत्रांच्या धन्यांची स्थिती झाली. अपराध नसताना यंत्र बेदखल होण्याचा हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. ज्याने हप्त्याहप्त्याने संगणक घेतला, त्याच्या दृष्टीने चालते यंत्र एका तारखेस निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि शाळांना जुने संगणक वाटणाऱ्या सरकारी व खाजगी योजनांनी तर तो सर्वप्रथम विचारावयास हवा होता.

तरीही दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले नाहीत. थोड्या बळाच्या संगणकावर लिनक्सची हलकी आवृत्ती घालावी. ज्याच्या ग्राफिक्सला एच-२६४ सोडविता येते पण व्हीपी-९ येत नाही, त्याच्या ब्राउझरमध्ये यूट्यूबकडून एच-२६४ च मागून घेणारा छोटा जोड बसवावा. चित्र ७२० ओळींऐवजी ३६० ओळींवर आणावे. आणि हे न साधल्यास रात्री नेटला वेग असताना फाइल उतरवून, ती जुन्या बांधणीत पुन्हा बांधून, सकाळी चालवावी. फितीचा वळसा जुळविणाऱ्या ऑपरेटरने जे केले, तेच हे तरुण करीत आहेत. पाहणाऱ्याला चित्र दिसले पाहिजे ही त्यांची निष्ठा आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि स्वस्त डेटाबरोबर चित्र हातातल्या फोनमध्ये शिरले. तालुक्यातली संगणकाची दुकाने मोबाइलच्या काचा बदलू लागली, आणि जुना संगणक घराच्या कोपऱ्यात गेला. पण एक काम अजून त्याच्याकडेच येते, कारण फोनला चकती घालता येत नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांत या भागात जी लग्ने, बारशी, साठीशांती चित्रित झाली, त्यांची प्रत बहुतेक घरांत एकच आहे आणि ती कॅसेटवर किंवा व्हीसीडीवर आहे. कॅसेटला बुरशी लागते. स्वस्त रेकॉर्डेबल चकतीवरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने व दमटपणाने विरतो, आणि एकदा तो विरला की कोणतेही यंत्र ती वाचू शकत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांची जपणूक करीत आहे. या घरगुती चित्रांची जपणूक मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे, आणि ती करण्याचा काळ झपाट्याने सरतो आहे.

कृती अवघड नाही. चकतीत ‘एमपेगएव्ही’ नावाचे दप्तर असते, त्यातली डीएटी शेपटाची फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. व्हीएलसी ती आहे तशी चालविते. मध्येच ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची सूचना येऊन नक्कल थांबली, तर चकती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल पुसू नये, आणि दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा पुष्कळदा वाचतो. उतरविलेल्या फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीकडे ठेवावी. हे काम होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नये. आणि त्याचा सीडी ड्राइव्ह चालू असेल, तर त्यानंतरही देऊ नये, कारण शेजारच्या घरीही अशा चकत्या पडून आहेत.